टवाळखोरांना हाकलण्याआधी बागेत किती माणसं येतात ते मोजा

नमस्कार मंडळी! आजचा विषय घराजवळच्या सार्वजनिक बागेचा, जिथे अंधार पडला की जायला नको वाटतं. बाकांवर टोळकं, मोठमोठ्याने गाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर कमेंट, झुडपामागे बाटल्या आणि पार घसरगुंडीपर्यंत काचा. तक्रार केली की पोलिसांची गाडी चक्कर मारते, सगळे पांगतात, दोन दिवसांनी परत येरे माझ्या मागल्या.

मग लोक काय मागतात? उंच भिंत, कुलूप, कॅमेरा. आणि मला विचाराल तर भिंतीने बाग अजूनच बिघडते, कारण दारं कमी केली की सगळ्यात आधी यायचे बंद होतात ते म्हातारे लोक आणि लहान पोरं घेऊन येणाऱ्या बायका, टोळक्याला काय, ते भिंतीवरून उडी मारतात आणि आत गेल्यावर बाहेरून कुणाला दिसतही नाहीत, म्हणजे उलट त्यांचीच सोय झाली की!

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीये. न्यूयॉर्कमधलं ब्रायंट पार्क घ्या, शहराच्या ऐन मध्यात, तरी 1970 च्या दशकात तिथे ड्रग्ज विकणाऱ्यांचं राज्य होतं. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती लोखंडी कुंपण आणि दाट झुडपं, त्यामुळे आत काय चाललंय ते फुटपाथवरून कळायचंच नाही. विल्यम व्हाइट म्हणून एक माणूस होता, लोक मोकळ्या जागेत कसे वागतात हे कॅमेरे लावून तासन्‌तास बघत बसायचा. त्याचं म्हणणं पडलं की खरी अडचण ही आहे की बाग पुरेशी वापरलीच जात नाही, आणि ती वापरली जात नाही कारण रस्त्यापासून तोडलेली आहे. 1988 मध्ये बाग बंद करून काम काढलं, 1992 मध्ये उघडली. झुडपं गेली, नवीन वाटा आल्या, टॉयलेट सुधारली, आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या. हो, सुट्या! चोरीला जातील असं वाटतं ना? आजही तिथे सुट्याच खुर्च्या आहेत. व्हाइटने टिपलेली एक गंमत सांगतो, माणूस बसायच्या आधी खुर्ची जराशी इकडे सरकवतो, जराशी तिकडे, कधीकधी तर फिरवून परत जिथल्या तिथे ठेवतो, आणि मगच टेकतो.

त्याचीच अजून एक गोष्ट मला फार कामाची वाटते. बागेत बायका किती आणि पुरुष किती ते मोजायचं. बायका नेहमीपेक्षा कमी दिसल्या तर समजायचं की इथे काहीतरी गडबड आहे, कारण कुठे बसायचं हे त्या जास्त पारखून ठरवतात. याला ना मशीन लागतं ना बजेट.

तर आता करायचं काय? आधी एक वही घ्या. आठवडाभर वार, वेळ, कोपरा आणि नेमकं काय झालं, एवढंच लिहायचं. "नेहमीच त्रास असतो" असा अर्ज गेला की तो फाईलमध्ये झोपतो, पण "मागच्या गेटजवळचा बाक, शुक्रवारी रात्री आठ ते दहा, तिथला दिवा बंद" असं लिहिलं की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. आणि बहुतेक वेळा असंच निघतं की बाग पूर्ण खराब नाहीये, दोन कोपरे आणि ठराविक दोन-तीन तास आहेत. मग त्याच तासांना तिथे माणसं आणा, बॅडमिंटन, झुंबा, वाचनाचा ग्रुप, काहीही, पण रोज.

दिवे आणि साफसफाईला कमी लेखू नका हां. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींमध्ये 2016 मध्ये मोठे दिवे लावून प्रयोग केला, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाले. फिलाडेल्फियात पडीक जागांवरचा कचरा काढून नुसतं गवत आणि थोडी झाडं लावली, तर 2018 च्या अभ्यासात गरीब वस्त्यांमधला गोळीबार 29 टक्क्यांनी घटलेला दिसला. वसाहत, पडीक जागा आणि बाग एकच नाही हे मान्य, पण दिशा कळते.

आता जरा कडू बोलतो. बाकावर पाच पोरं हसत बसली म्हणजे गुन्हा होत नाही. त्रास देणं वेगळं आणि नुसतं असणं वेगळं. काही देशांत पोरांना पळवायला कर्कश आवाजाचं यंत्र लावतात, तो आवाज मोठ्यांना ऐकूच येत नाही पण पोरांना येतो, आणि पाळण्यातल्या बाळालाही येतो, त्याने काय घोडं मारलंय? त्यापेक्षा पोरांना विचारा की तुम्हाला बसायला कुठे पाहिजे, मग घरांपासून थोडं लांब पण रस्त्यावरून दिसेल असं शेड आणि एक बास्केटबॉलची रिंग मागून घ्या. नाहीतर इथून हाकललेलं टोळकं पुढच्या गल्लीत जाऊन बसेल आणि तिथले लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील.

आणि हो, पोरांचे व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, त्यातली बरीच अल्पवयीन असतात, भांडण वाढतं आणि उलट तुम्हीच अडचणीत येता. मारामारी, छेडछाड, हत्यार असं काही दिसलं तर मध्ये पडायचं नाही, लांब व्हायचं आणि तिथल्या तिथे पोलिसांना फोन करायचा. ते झालं की मग वहीत नोंद.