टाच, चवडा आणि वॉल्ट्झ

श्रोतेहो, नमस्कार.

मी वसईची. आमच्या ख्रिस्ती घरांत नाताळ सरला की लग्नांची रांग लागते. रिसेप्शनला बँड सुरू झाला की आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचायला उतरतात, आणि बहुतेकींच्या पायात उंच टाचेचे सँडल असतात. मीही तशीच नाचत मोठी झाले. म्हणून उजव्या पायाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांना पहिलं हेच विचारलं, जानेवारीत भाचीचं लग्न आहे, हील्स घालून नाचता येईल ना?

शेजारचे एक शिकाऊ डॉक्टर म्हणाले, "या वयात हील्स कशाला?" मला ते लागलं. 52 वर्षांच्या बाईला नाच सोडायला सांगणं इतकं सोपं वाटावं? मोठ्या डॉक्टरांनी मात्र नीट उत्तर दिलं. ऑपरेशन दुखणं जावं म्हणून करायचं, हील्ससाठी नाही. नाचायचं कधी, ते तुमचा अंगठा सांगेल.

माझ्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा आला होता. डॉक्टर त्याला बनिअन म्हणतात. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलत जातो आणि त्याच्या मागचं लांब हाड बाहेर सरकतं. हे उंच टाचेमुळेच होतं असं नाही, पायाची ठेवण घराण्यातूनही येते. माझ्या आईला हाच त्रास होता, आणि तिने जन्मभर सपाट चपलाच वापरल्या. पण निमुळत्या टोकाची पादत्राणं तो वाढवतात, हे खरं. ऑपरेशनमध्ये ते हाड कापतात, जागेवर सरकवतात आणि स्क्रूने बसवतात.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. पहिले दोन आठवडे पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. बाहेर वसईचा पाऊस, आणि पट्टी कोरडी ठेवायची. सहा आठवडे टाचेवर भार देणारा खास बूट. मग एक्स-रे, आणि हाड जुळत आल्याचं कळलं.

खरं काम तिथून सुरू झालं. त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उंच टाचेवर उभं राहिलं की अंगठ्याचं मूळ आधीच मागे वाकलेलं असतं, आणि अंगाचा भार टाचेवरून चवड्यावर येतो. टाच जितकी उंच, तितका सांधा जास्त वाकायला हवा. ऑपरेशननंतर तो आखडतो. तसाच नाचलात तर शरीर अंगठ्याला वाचवतं आणि भार दुसऱ्या बोटाखाली टाकतं. मग तिथे नवं दुखणं. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी रोज हाताने अंगठा वर-खाली वाकवायची. जमिनीवर पंचा अंथरून तो बोटांनी ओढायची, नातवाच्या गोट्या बोटांनी उचलायची. पुढे ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायला लागले, आधी दोन्ही पायांवर, मग एकट्या उजव्या पायावर. एका पायावर दहा वेळा न दुखता उठता आलं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच रडले.

नाच मी अनवाणी सुरू केला, मग सपाट सँडलवर, मग एक इंच टाच. लग्नासाठी दोन इंचांची टाच घेतली, जाड, घोट्याला पट्टा असलेली आणि पुढून रुंद. खरेदी संध्याकाळी केली, कारण दिवसभरात पाय सुजतो. ही सूज सहा महिने, कधी वर्षभरही रेंगाळते. टाच रुतू नये म्हणून तिच्या टोकाला रुंद टोपी बसवली, कारण लग्न मैदानातलं होतं.

वॉल्ट्झ हा जोडीने करायचा नाच, त्यात तीन ठेके. पाऊल टाकायचं, चवड्यावर उठायचं, आणि सावकाश खाली यायचं. हे सावकाश खाली येणं बऱ्या होणाऱ्या पायाला मानवतं. जाइव्ह या जलद नाचाचं तसं नाही. त्यात सतत चवड्यावर उसळायचं असतं, म्हणून तो मी शेवटी ठेवला होता.

त्या रात्री भाचीने हात धरला. "मावशी, तू आलीस तरच डान्स सुरू." नवऱ्याबरोबर दोन वॉल्ट्झ नाचले. दुसऱ्याच्या शेवटी अंगठ्यात ठणका लागला, तशी खुर्चीवर बसले, पट्टे सोडले आणि पिशवीतल्या सपाट चपला घातल्या. तेवढ्यात बँडने जाइव्ह धरला, आणि मी उठले.

घरी येऊन पाय उशीवर ठेवला, बर्फ लावला. सकाळी सूज उतरली होती. मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. सँडल तेच, टाच दोनच इंच, पण वॉल्ट्झ तीन नाचायचे आहेत.