पाठ गेटकडे, कॅमेरा गर्दीकडे

नमस्कार श्रोतेहो.

मी हौशी फोटोग्राफर. आठवडाभर बँकेत नोकरी करते आणि रविवारी कॅमेरा बाहेर काढते. मुंबईत रविवारची संध्याकाळ म्हटली की जुहूला अमिताभ बच्चन यांच्या ‘जलसा’बाहेरची गर्दी आलीच. २ नोव्हेंबरला, शाहरुख खानच्या वाढदिवशी, अशीच गर्दी वांद्र्याला ‘मन्नत’समोर जमते. ४ जुलै २०२४ ला तर विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी अख्खा मरीन ड्राइव्ह भरून गेला होता.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन गेलात, तर पाठ गेटकडे करा आणि कॅमेरा गर्दीकडे. पुन्हा सांगते, पाठ गेटकडे, कॅमेरा गर्दीकडे. गेटमधून येणाऱ्या माणसाचा फोटो काढायला शंभर जण टपलेले असतात. ज्याच्यासाठी ही माणसं तासन्‌तास उन्हात उभी राहतात, तो काही मिनिटं दिसतो. त्या मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते टिपायला तिथे कुणीच नसतं.

एकदा ‘जलसा’समोर माझ्या शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, सोबत मुलगा. परभणीहून आल्या होत्या. गेट उघडायची चाहूल लागली, सगळ्यांचे मोबाइल वर गेले आणि या बाईंनी पायातल्या चपला काढल्या. मुलाने त्या मुकाट्याने उचलून काखेत धरल्या. बच्चनसाहेब गेटवर अनवाणी येतात, भेटायला येणारी माणसं हेच आपलं देऊळ असं मानतात, हे बाईंनी कुठेतरी ऐकलं होतं. “ते अनवाणी येत्यात, मंग आपण चपला घालून कसं उभं ऱ्हायचं?” मी खाली बसले आणि फोटो काढला. जोडलेले हात, भरलेले डोळे, मागे मुलाच्या काखेतल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला. बाईंनी बराच वेळ निरखून पाहिला. मग म्हणाल्या, “पोरी, यात गेट कुठंय? माझी जाऊ म्हणंल, आळंदीला काढलाय!”

त्यांचं अगदी खरं होतं. मग मावशींना परत गेटसमोर उभं केलं. पदर नीट, चपला पायात, मुलगा शेजारी, चेहरा शाळेतल्या ग्रुप फोटोसारखा ताठ. तोही फोटो काढला. दोन्हींच्या प्रिंट काढून परभणीला कुरिअर केल्या. मुलाचा फोन आला, गेटवाला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आणि काकूंना दाखवलाय. तेव्हापासून मी दोन फोटो काढते, एक माझ्यासाठी आणि एक त्यांना हवा तसा.

आणि प्रिंट काढाच हो. मोबाइलमधले हजारो फोटो कुणी बघत नाही. पूर्वी घरी पाहुणे आले की अल्बम निघायचा, चहा गार व्हायचा. आता लग्नाचे फोटोसुद्धा लिंकवर येतात. मला हे मुळीच पटत नाही. तसंच नटनट्यांच्या लहान मुलांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणंही. त्या मुलांनी काय केलंय?

असो. फ्लॅश वापरू नका, पुढचा चेहरा पांढराफटक होतो, मागची गर्दी काळोखात जाते आणि माणसं दचकतात. हलणारे हात धूसर येऊ नयेत म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० भागापेक्षा मंद नको. उजेड कमी झाला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा, फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील. लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स घरी ठेवा, जवळून बरंचसं दृश्य मावणारी ३५ मिलिमीटरची लेन्स पुरते, कारण तुम्ही माणसांच्या मध्येच उभे असता. फोटो काढल्यावर तो त्या माणसाला दाखवा. नको म्हणाला, तर त्याच्यासमोरच पुसून टाका. लहान मूल असेल तर आईबापांना आधी विचारा.

येत्या रविवारी जाणार असाल तर दुपारीच पोहोचा. बच्चनसाहेब दर वेळी येतीलच असं नाही, पण माणसं येतात. आणि पायात बंद बूट घाला. अशा गर्दीत चपला सुटतात त्या सुटतातच, मरीन ड्राइव्हवर त्या रात्री चपला-बुटांचा खच पडला होता.

नमस्कार.