कोथिंबीर की गाजराचा पाला?

श्रोतेहो, नमस्कार. आज कोथिंबिरीबद्दल थोडं. ती निवडायची कशी, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. नाव मात्र फार जुनं. संस्कृतातल्या ‘कुस्तुंबरी’ची झाली कोथिंबीर. पाणिनीच्या सूत्रातही हा शब्द ‘कुस्तुंबुरु’ या रूपात आहे. तिकडे इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाच्या थडग्यात धणे सापडले. असो, मला सांगायचीय ती जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडची एक रात्र.

थंडीचे दिवस. मामांच्या मळ्यात भरिताचा बेत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचणं सुरू झालं. (भरितात टोमॅटो घालणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही!) ऐन वेळी मामी म्हणाल्या, कोथमीर घरीच राहिली. मामांनी मला शेजारच्या वाफ्याकडे पिटाळलं. लाईट गेलेली, बॅटरी मिणमिणती. मी दोन मुठी पाला खुडला, धुतला, रुबाबात बारीक चिरला. आता भरितात टाकणार, तेवढ्यात मामांनी चिमूटभर उचलून नाकाशी धरला.

“आरे भाच्या, हाऊ तं गाजरना पाला शे! हुंगीसनी दख ना!”

सगळी पंगत पोट धरून हसली. भरीत त्या रात्री कोथिंबिरीविनाच खाल्लं.

पण माझी चूक अगदीच अडाण्याची नव्हती हो. कोथिंबीर आणि गाजर एकाच कुळातली. जिरं, ओवा, बडीशेपही त्यातलीच. सगळ्यांची फुलं छत्रीसारखी. पान फसवतं, वास फसवत नाही. म्हणून पाला बोटांत चुरा आणि हुंगा. पुन्हा सांगतो, चुरा आणि हुंगा.

आणि घरी लावणार असाल तर एवढं ऐका. धणा हे फळ आहे, आत दोन बिया. पेरण्याआधी फरशीवर चपलेने हलके रगडून दोन फाकी करा. दोन फाकी, भुकटी नव्हे! मे महिन्यात मात्र हट्ट नको. आपल्या उन्हात ती पानांआधी फुलावर जाते. भाजीवाल्याकडची फुकटची काडी गेली, आता जुडीला पैसे मोजावे लागतात, म्हणून एक कुंडी असावीच.

हां, मामांचं राहिलंच. माझ्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटासोबत एक गाजर दिलं. पाल्यासकट.