तिसऱ्या रांगेतली आजी

माइक जरा खाली घ्या, माझी उंची दुसरीच्या वर्गात अडकलेली आहे.

हसलात, बरं वाटलं. आयुष्यभर सात वर्षांच्या मुलांसमोर बोलत आले. त्यांना विनोद आवडला नाही की ती सरळ विचारतात, "बाई, यात हसायचं काय?" तुम्ही त्या मानानं सभ्य आहात.

तरी मोठ्यांसमोर उभं राहिलं की माझे पाय लटपटतात. १८७६ साली इंग्लंडमधल्या मेरी समनर या पाळकांच्या पत्नीनं आपल्या खेड्यातल्या आयांची सभा बोलावली. मुलं वाढवताना एकमेकींना आधार द्यायचा, एवढाच हेतू. बाया जमल्या आणि बाईंना ऐन वेळी धडकी भरली. पुढच्या आठवड्यात या म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. त्यातूनच पुढे मदर्स युनियन उभी राहिली. आज सकाळी मी मुख्याध्यापकांना हाच मार्ग सुचवून पाहिला. ते नको म्हणाले.

तर विषय पत्रिकेत छापलेला आहे: 'ख्रिस्ती प्राथमिक शाळेतील उपक्रम आणि कुटुंबाचा सहभाग'. शेवटी तीन ठोस सूचना देईन असं मी कबूल केलंय, आणि त्या देणारच आहे. पण त्याआधी मला एका आजींबद्दल बोलायचंय.

त्याच्याही आधी एक तक्रार. शाळेच्या सूचनेत एक वाक्य असतं, ते मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय: 'पालकांनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी.' शोभा! पालक म्हणजे काय कुंडीतली झाडं आहेत? नीटनेटके कपडे करून या, खुर्चीवर बसा, टाळ्या वाजवा, जाताना खुर्ची जागेवर ठेवा. याला आपण सहभाग म्हणतो. आणि हल्ली तर पालक दिसतही नाहीत. रंगमंचावरून पाहिलं की चेहऱ्यांच्या जागी फोन असतात. एका छोट्या मेंढपाळानं मला विंगेत विचारलं होतं, "बाई, माझे पप्पा कोणत्या मोबाइलच्या मागे आहेत?"

असो. नाताळचं नाटक तुम्हाला तोंडपाठ आहे. मरीया, योसेफ, गव्हाणी, मेंढपाळ, आणि मागी, म्हणजे पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले ज्ञानी. पण पवित्र शास्त्र उघडून बसलं की बाईंची फार सोय होते. लूक आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सांगतो, उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. उतारशाळेचा मालक मात्र त्यात कुठेच नाही, तो आपण घातला, कारण संवाद हवा होता. मत्तय आपल्या शुभवर्तमानात मागी किती ते सांगतच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आपण माणसंही तीन धरली. वर्गात चाळीस मुलं असली की ही माहिती फार मोलाची. मी एका वर्षी सात मागी केले. एक आजोबा भांडायला आले, तर मी शुभवर्तमान पुढे केलं आणि म्हटलं, आकडा दाखवा. ते दोन दिवस शोधत होते.

बैल आणि गाढवही लूक-मत्तयाच्या या जन्मकथांत नाहीत. ते जुन्या चित्रांतून आले, आणि १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसनं ते खरेखुरे आणून उभे केले. आपल्या नाटकाचं मूळ बहुतेक लोक तिथे शोधतात. मला त्यातलं वेगळंच काही आवडतं. फ्रान्सिसनं तिथल्याच जॉन नावाच्या एका स्नेह्याला आधी निरोप धाडला, की तयारी तू कर. गव्हाणी, गवत, जनावरं, सगळं. आणि रात्री गावकरी आले ते हातात मेणबत्त्या आणि मशाली घेऊन. म्हणजे बघा, शोभा वाढवायला कुणी आलंच नव्हतं. उजेडच त्यांनी आणला होता.

आता आजी.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. बुजरी. हजेरी देतानाही आवाज ओठांपर्यंत येऊन परत जायचा. तिला मी देवदूत केलं. सगळ्यात लांब भाषण देवदूताचं, 'भिऊ नका' पासून सुरू होणारं. शिक्षक-खोलीत सगळे म्हणाले, बाई, तुम्हीच घाबरवताय पोरीला. मीही मनातून साशंक होते. तीन आठवडे तालीम झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती बोलायला लागली. सरावानं जमलं, असं मी समजले. श्रेय माझंच, दुसऱ्या कुणाचं असणार!

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. मेंढपाळ बसलेत, मेंढरं कापसाच्या अंगरख्यात घामाघूम झालीत, देवदूत स्टुलावर चढली. "भिऊ नका," ती म्हणाली. आणि मला ते दोनदा ऐकू आलं. एकदा रंगमंचावरून, आणि त्याच्या अर्धा क्षण आधी तिसऱ्या रांगेतून.

नऊवारी नेसलेल्या एक आजी, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर, अख्खं भाषण म्हणत होत्या. आधी पुटपुटत, मग रंगात येऊन चांगल्या खणखणीत. मी विंगेतून बोट ओठांवर ठेवून खुणा केल्या. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, बाई वाहवा करतायत. देवदूताचं झालं. मग पहिला मेंढपाळ वाक्य विसरला. शांतता. तिसऱ्या रांगेतून आवाज आला: "चला, आपण बेथलेहेमापर्यंत जाऊ!" आणि तो पठ्ठ्या निघाला की! त्याच्यामागून दुसरा, त्यांच्यामागून मेंढरं. पुढे योसेफ अडखळला, त्यालाही आजींनी सोडवलं. सभागृह हसून लोळत होतं. माझा चेहरा काय झाला असेल, विचारू नका.

नंतर मी त्यांना गाठलं. रागवायला, खरं तर. म्हटलं, आजी, तुम्हाला सगळ्यांची वाक्यं कशी पाठ? त्या म्हणाल्या, "मग काय करणार? मला वाचता येत नाही. ही वाचून दाखवायची, मी म्हणायची. घरी योसेफ मीच, मेंढपाळ मीच." बाबा कामावरून उशिरा यायचे, म्हणून ते फक्त तारा. दारात उभं राहून बॅटरी धरायची. आणि दुष्ट राजा हेरोद? हेरोदाचं काम आईनं मागून घेतलं होतं. ऑफिसात दिवसभर जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं म्हणे.

तीन आठवडे त्या घरात रोज रात्री जेवणं उरकल्यावर नाटक होत होतं, आणि शाळेला याचा पत्ता नव्हता. आमच्या वहीत त्या कुटुंबाची नोंद होती: 'पालकसभेस गैरहजर, दोन वेळा.' नोंद माझ्याच अक्षरात होती.

उलट बाजूही सांगते, म्हणजे मी पालकांचा फारच पुळका घेते असं वाटायला नको. एका वर्षी नोहाच्या तारवाच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं. एक तारू असं आलं की विचारता सोय नाही. आत दिवे, फिरणारी शिडी, शिसवी रंगाचं पॉलिश. शेजारी त्याचा मालक हात मागे बांधून उभा. मी कौतुकानं हात पुढे केला तर म्हणाला, "बाई, हात लावू नका, बाबा ओरडतील. मलाही लावू देत नाहीत." त्याच्या शेजारच्या मुलीचं तारू बुटांच्या खोक्याचं होतं आणि त्यातला जिराफ मान बाहेर काढून बसला होता, कारण आत मावत नव्हता. बक्षीस कोणाला दिलं? दिव्यांना. परीक्षक मीच होते. ते अजून सलतं मला.

आजींच्या घरातलं नाटक आणि ते पॉलिशवालं तारू, दोन्ही ठिकाणी घरच्यांनी कष्ट घेतलेच होते. फरक कुठे पडला, तर मूल त्या कामाच्या मध्यभागी होतं की...

ही चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' मला वाटलं चहाची असेल. बरं, आता भराभर.

पहिली सूचना. प्रत्येक उपक्रमाचा अर्धा भाग घरी घडेल असा आखा. दहा मिनिटांचा, विकतचं काही न लागणारा, आणि ज्यात मूल शिकवणारं असेल. ही काही नवी टूम नाही. जर्मनीत सॅक्सनीतल्या चर्चच्या मंडळ्यांना भेटी देऊन लोकांना किती थोडं येतं ते पाहिल्यावर धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२९ मध्ये श्रद्धेची छोटी प्रश्नोत्तरावली काढली. तिच्या प्रकरणांच्या माथ्यावर लिहिलंय की घरच्या कर्त्यानं हे घरच्यांना सोप्या रीतीनं शिकवावं. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, मेणबत्त्यांचंही तेच. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न अनाथ, गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. 'नाताळ कधी?' म्हणून मुलं भंडावून सोडायची. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं चाक घेऊन त्यावर रोजच्या लहान लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. त्याचंच धाकटं रूप पुढे घरोघरी गेलं. वर्गात एक मेणबत्ती लावाल तेव्हा घरी दुसरी कोण लावणार ते मुलाला विचारा.

दुसरी सूचना. बोलावणं नेमकं करा. 'सहकार्य अपेक्षित' म्हटलं की कुणीच येत नाही. 'शनिवारी दहा ते अकरा, बाकं हलवायला चार जण' म्हटलं की सहा येतात. ज्यांना दिवसा सुट्टी मिळत नाही त्यांना रात्री घरी करता येईल असं काम द्या, मेंढरांचे कान शिवायचे असतातच. चिठ्ठीत 'आई-बाबा' लिहू नका, 'घरचं मोठं माणूस' लिहा, कारण काही मुलांकडे त्यातलं एक नसतं, काहींकडे दोन्ही. आणि जी कुटुंबं ख्रिस्ती नाहीत, त्यांना प्रार्थना कोणत्या भागात आहे आणि हस्तकला कोणत्या, हे आधी सांगा. ती आनंदानं येतात, त्यांना फक्त अचानक हात जोडायला लावू नका.

तिसरी. चित्रण एकाच पालकानं करायचं, सगळ्यांसाठी. बाकीचे फोन पिशवीत. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात म्हटलंय की मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडीलच. कॅथलिक असा वा प्रोटेस्टंट, आम्हा बायांना हे पचायला जड जातं. मुलं सहा तास आमच्याकडे असतात ना.

हो, थांबते. ती आजी पुढच्या वर्षी आमची अधिकृत प्रॉम्प्टर झाली. विंगेत खुर्ची दिली, हातात घंटी दिली. रुसली. कुजबुजायचं म्हणजे तिला शिक्षाच वाटली. शेवटी तिसऱ्या रांगेतच परत बसवलं.

दारापाशी टेबलावर वही ठेवली आहे. पडदा ओढायला दोघं हवेत, दोर मागच्या खेपेला मध्येच अडकला होता. तारा धरायला एक जण. उंच असेल तर बरं.