डिलीट केलं, पण कुठून कुठून?

(काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, पावसाळी सकाळ)

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा बडोद्यात कोणी विसरेल असं वाटत नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी चढली ३५ च्याही वर, आजवा धरणाचं पाणी सुटलेलं, समा, अकोटा, फतेहगंज, वडसर, जिकडे बघाल तिकडे तळमजले पाण्यात, लाईट गेलेली, मोबाईल बंद पडत चाललेले, आणि वरून सोसायट्यांत शिरलेल्या मगरी. अकोट्यात छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ तर देशभर फिरला.

त्याच दिवसांत अजून एका प्रकारच्या पोस्टी फिरत होत्या, आणि ही फिल्म त्यांच्याबद्दल आहे. आजी अडकल्यात, बोट पाठवा, हा पत्ता, हा मजला, हा नंबर.

(समा, एका सोसायटीचा जिना)

इथे एक मराठी कुटुंब राहतं. नाव घेत नाही, कारण त्यांचं नाव-नंबर जितक्या कमी ठिकाणी असेल तितकं बरं, त्यासाठीच सगळी धडपड चाललीय. काकू वरच्या मजल्यावर, काका अंथरुणाला खिळलेले, खाली छातीभर पाणी. भाचा परदेशात, तो तिथून दुसरं काय करणार, त्याने मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर पोस्ट टाकली, पत्ता, काकूंचा मोबाईल, काकांचा आजार, सगळं. लोकांनी बूस्ट केली, म्हणजे आपापल्या फॉलोअरांपर्यंत पुढे पाठवली, ज्यांना बडोदा नकाशात दाखवता येणार नाही अशांनीही केली, आणि त्यातूनच ओळखीची ओळख निघत निघत इथला एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन दारात पोचला. म्हणजे पोस्टने काम केलं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की टाकायलाच नको होती. टाकायलाच हवी होती.

पाणी उतरलं, भाच्याने पोस्ट डिलीट केली, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पण काकूंना फोन येतच राहिले. काहीजण आपुलकीने काकांची चौकशी करणारे, आणि काहीजण आजाराचं नाव घेऊन औषध विकणारे. काकूंनी भाच्याला विचारलं, "अरे, तू काढून टाकलंस ना ते? मग ह्यांना कसं कळतं?" तो म्हणाला, "मावशी, माझ्या खात्यावरून काढलंय गं, बाकीकडे काय झालंय मलाच कळत नाहीये."

तो खरंच बोलत होता.

(सर्व्हरची खोली, तारा, दिवे)

फेसबुक किंवा एक्सवर तुमची पोस्ट शेवटी एकाच कंपनीच्या ताब्यात असते, कंपनीने काढली की तिथून गेली. मॅस्टोडॉन तसं नाहीये. २०१६ मध्ये युजेन रोचको नावाच्या जर्मनीतल्या एका तरुणाने ते सुरू केलं, आणि ते म्हणजे हजारो वेगवेगळे सर्व्हर, कोणी हौसेने चालवतंय, कोणी वर्गणी काढून, आणि ते आपसात बोलतात ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमांनी. २३ जानेवारी २०१८ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ते नियम अधिकृत केले. तुम्ही पोस्ट टाकली की तुमचे फॉलोअर ज्या ज्या सर्व्हरवर आहेत त्या प्रत्येकाकडे तिची कॉपी जाते आणि तिथल्या डेटाबेसमध्ये बसते. कोणी बूस्ट केली की त्याच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांवर अजून कॉप्या. फोटो असेल तर त्याचीही.

आता डिलीट दाबलं की काय होतं? तुमचा सर्व्हर बाकीच्यांना निरोप पाठवतो, ही पोस्ट काढा. नियमात लिहिलंय की निरोप मिळालेल्या सर्व्हरने आपली कॉपी काढावी, हवं तर तिच्या जागी टूमस्टोन ठेवावा, म्हणजे इथे काहीतरी होतं आणि आता नाही एवढी नोंद. काढावी असं लिहिलंय, पण काढलीच पाहिजे म्हणून मागे लागणारा कोणी नाही. लग्न पुढे ढकललं म्हणून सगळ्या पाहुण्यांना फोन करण्यासारखं आहे ते, पत्रिका ज्याच्या त्याच्या घरी, फोन उचलला तर कळणार.

आणि निरोप न पोचायला कारणं कितीतरी. समोरचा सर्व्हर त्या दिवसांत बंद होता. किंवा मधल्या काळात दोन्ही सर्व्हरांनी एकमेकांना ब्लॉक केलं. किंवा कोणी तुमच्या पोस्टची लिंक आपल्या सर्व्हरवर सर्चमध्ये टाकून ती ओढून घेतली, आणि तुमच्या सर्व्हरकडे त्याची नोंदच नाही, मग निरोप पाठवणार कोणाला. स्क्रीनशॉटचं तर बोलायलाच नको, तो कुठल्याच नियमात बसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तुमचा स्वतःचाच सर्व्हर बंद पडणं. हौसेने चालवणारा माणूस थकतो, पैसे संपतात, एक दिवस मशीन बंद करतो. तुमचं खातं गेलं, पण जगभर पसरलेल्या कॉप्या तिथेच, आणि आता डिलीटचा निरोप पाठवायलाच कोणी उरलं नाही. मॅस्टोडॉनमध्ये यासाठी सेल्फ-डिस्ट्रक्ट नावाची कमांड आहे, सर्व्हर कायमचा बंद करायच्या आधी ती चालवली की माहीत असलेल्या सगळ्या सर्व्हरांना "आमचं सगळं काढा" असा निरोप जातो, आणि तो जाऊन संपेपर्यंत मशीन चालू ठेवावं लागतं. चांगला ॲडमिन हे करतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ नावाच्या सर्व्हरचं डोमेनच अफगाणिस्तानच्या सरकारी खात्याने बंद केलं, कारण डॉट एएफ हे त्यांच्या देशाचं डोमेन. असं झालं की तिथल्या लोकांनी करायचं काय, ज्या पत्त्यावरून निरोप जायचा तो पत्ताच गेला.

(मोबाईलचा स्क्रीन, एडिट केलेली पोस्ट)

एक गोष्ट इथे थांबून सांगायचीय कारण बरेच लोक हे करतात. पोस्ट डिलीट न करता एडिट करतात, नंबर काढून "मदत मिळाली, धन्यवाद" लिहितात. मॅस्टोडॉनवर २०२२ पासून एडिट करता येतं, पण तिथे एडिटची हिस्टरी कोणालाही दिसते, म्हणजे नंबर असलेली जुनी पोस्ट एका क्लिकवर. नंबर काढायचा असेल तर डिलीटच करा, आणि धन्यवादाची पोस्ट वेगळी टाका.

ब्लूस्काय हे असंच दुसरं सोशल नेटवर्क, त्याचं तंत्र वेगळंय. तिथे तुमच्या सगळ्या पोस्टी तुमच्या एका रेपोमध्ये, म्हणजे तुमच्या खात्याच्या साठ्यात, असतात, आणि त्यात जे घडतं ते फायरहोस नावाच्या एका उघड्या प्रवाहातून वाहत राहतं, कोणीही ऐकू शकतं. डिलीट केलं की तेही त्याच प्रवाहातून जातं, ऐकणाऱ्याने पाळायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोणीतरी या प्रवाहातून १० लाख पोस्टी गोळा करून हगिंग फेस या एआयवाल्यांच्या साइटवर डेटासेट म्हणून ठेवल्या, लोक भडकले, तो काढला गेला. पण तोपर्यंत ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे तो आहेच, आणि त्यातली एखादी पोस्ट तुम्ही दुसऱ्या दिवशी डिलीट केली असेल तर त्यांच्या फाईलला ते कळत नाही.

नॉस्टर नावाच्या तिसऱ्या नेटवर्कमध्ये तर खातं कुठल्या सर्व्हरचं नसतंच, एक डिजिटल चावी असते आणि त्या चावीने सही केलेल्या पोस्टी अनेक रिलेंवर, म्हणजे पोस्टी साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरांवर, जातात. डिलीटसाठी निप-०९ नावाचा नियम आहे आणि तो स्वतःला डिलीटची विनंतीच म्हणवतो. हा प्रामाणिकपणा मला आवडला. बाकीच्या ॲपांत बटणावर "डिलीट" लिहिलेलं असतं आणि माणूस निश्चिंत होतो.

(न्याय मंदिर, बाहेरून)

मग कायदा? भारतात २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा त्यात होतं की एखाद्याचा नग्न किंवा खासगी फोटो असेल तर तक्रार आल्यावर २४ तासांत काढायचा. मोठ्या कंपनीला हे लागू करता येतं, तिचं इथे ऑफिस असतं, तक्रार अधिकारी असतो. परदेशातल्या कुठल्या घरात एक माणूस सर्व्हर चालवतोय त्याला काकू काय नोटीस पाठवणार. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, ज्यात आपली माहिती पुसायला लावायचा हक्क आहे, त्यात कलम ३ मध्येच लिहिलंय की जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली तिला हा कायदा लागू नाही. पुरात अडकलेला माणूस नंबर स्वतःच जाहीर करतो, जीव वाचवायला. त्याने जाहीर केला म्हणून तो कायमचा सगळ्यांचा झाला, हे मला पटत नाही.

उलट बाजू पण खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही. जिथे एकाच ठिकाणाहून सगळं पुसता येतं तिथे ते पुसणारा नेहमी आपणच असतो असं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतातून हजारो लोक मॅस्टोडॉनवर गेले ते ट्विटरने एका वकिलांचं खातं बंद केलं त्या रागातूनच. आपली पोस्ट कोणा एकाला सहज गायब करता येऊ नये, आणि आपली आपल्याला मात्र काढता यावी, या दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात. पण त्यातल्या त्यात बरंच करता येण्यासारखं आहे.

मला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून हवंय ते असं. डिलीट दाबल्यावर स्क्रीनवर दिसू दे की निरोप किती सर्व्हरांना गेला, कोणी घेतला, कोणाचं उत्तर नाही. आज हे सगळं ॲडमिनच्या लॉगमध्ये कुठेतरी असतं, पोस्ट टाकणाऱ्याला काही कळत नाही. काकूंच्या भाच्याने शेवटी एकेका सर्व्हरवर जाऊन पोस्ट शोधली आणि जिथे सापडली तिथल्या ॲडमिनला लिहिलं. बहुतेकांनी त्याच दिवशी हाताने काढली, एकाने तर काकांची तब्येत विचारली. एका ठिकाणी अजून आहे, तिथून उत्तर नाही.

(सयाजीगंज, पावसाची पहिली सर)

पुढचा पावसाळा येईल तेव्हा अशा पोस्टी पुन्हा पडणार, पडायलाच हव्यात. पत्ता अर्धाच लिहा, सोसायटीपर्यंत, मजला फोनवर सांगा. अडकलेल्या माणसाचा नंबर देऊ नका, बाहेर सुरक्षित असलेल्या कोणाचा तरी द्या, त्याला नंतर सिम बदलता येतं. आजाराचं नाव लिहायची गरज नसते, "पेशंट आहे, उचलून न्यावं लागेल" एवढं बोटवाल्याला पुरतं. मॅस्टोडॉनवर असाल तर सेटिंगमध्ये जुन्या पोस्टी आपोआप डिलीट व्हायची सोय आहे, कमीत कमी एक आठवडा ठेवता येतो, ती आत्ताच चालू करा, पूर आल्यावर सुचणार नाही. आणि जे कोणी सर्व्हर चालवताय, आलेला डिलीट पाळताय ना, ते एकदा तपासून बघा.