साडेसहाचा वर्ग

[दृश्य: संध्याकाळ. वर्गात एकेक दिवा लागतो. माणसं आत येतात.]

संध्याकाळचे साडेसहा. पहिला बाक रिकामा आहे. आलेला प्रत्येक जण मागची भिंत गाठतो. एकाच्या अंगावर अजून कामावरचा गणवेश आहे. एकीने फोन उलटा करून बाकावर ठेवलाय, पण हात त्याच्यापासून दूर जात नाही, कारण घरी लहान मूल आहे. कुणी पंधरा वर्षांनी वही उघडतंय, कुणी वीस.

रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमाचा हा पहिला दिवस.

अशा दिवशी बहुतेक वर्गांत नियम वाचून दाखवले जातात. हजेरी किती लागते, परीक्षा कधी, शुल्काचा हप्ता केव्हा. माझ्या मते मोठ्यांच्या वर्गात याहून महागात पडणारी चूक नाही. दिवसभर राबून आलेला माणूस त्या तासाभरात एकच गोष्ट मनाशी ठरवत असतो: हे मला जमेल का? नियमांच्या यादीत त्याचं उत्तर नसतं.

[दृश्य: टेबलावर बीपीचं मशीन आणि स्टेथोस्कोप.]

या वर्गातल्या मॅडम टेबलावर बीपीचं मशीन ठेवतात. समोर एकाला बसवतात आणि स्वतः मोजायला घेतात. हात चालतो तसं तोंडही चालतं. "पाठीला आधार हवा. दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. बाही वर घ्या. पट्ट्याची खालची कडा कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. आता आपण दोघांनीही बोलायचं नाही."

मग पुन्हा एकदा. या वेळी पुढची पायरी वर्गाने सांगायची. तिसऱ्या खेपेला दोघादोघांच्या जोड्या, आणि मॅडम बाजूला.

हे साधं दिसतं, पण क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. नवख्याच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. पूर्ण करून दाखवलेलं काम समोर असलं की "आता पुढे काय" हे शोधण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही. ती शिकण्याला मिळते. आधार मात्र वेळेवर काढावा लागतो. ज्याला जमू लागलंय, त्याचा हात धरून ठेवला तर तो कंटाळतो.

[दृश्य: एक विद्यार्थिनी हात वर करते, अर्धवट.]

"घरी आम्ही हात असाच खाली सोडून मोजतो, मॅडम."

मॅडम चूक म्हणत नाहीत. दोन्ही प्रकारे मोजायला सांगतात. लोंबत्या हातातला आकडा जास्त येतो, कारण हृदयाच्या पातळीखाली रक्ताच्या वजनाचाही दाब त्यात मिसळतो. आकडा बघणारीचा चेहरा बदलतो. तिला कुणी खोडून काढलेलं नाही, तिने स्वतः पडताळून पाहिलंय.

प्रौढांना शिकवण्याच्या पद्धतीला 'अँड्रॅगॉजी' म्हणतात. हा शब्द १८३३ मध्ये अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने वापरला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी तो जगभर पोचवला. त्यांचा आग्रह असा की, मोठ्या माणसाचा अनुभव हाच वर्गातला मोठा ठेवा आहे, आणि आपण हे का शिकतोय ते त्याला आधी कळायला हवं. मी यात एक भर घालीन. तोच अनुभव कधी वाटही अडवतो. आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केलेल्या बाईला कूस बदलण्याबद्दल पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि तिच्या काही सवयी सोडवाव्याही लागतात. तिला आधी विचारलं, "तुम्ही कसं करता, दाखवा," तर दोन्ही साधतं.

[दृश्य: दुसरा आठवडा. वह्या बंद.]

पहिली पाच मिनिटं वह्या बंद. मागच्या तासाचे तीन प्रश्न, उत्तरं आठवून लिहायची. कागद गोळा होत नाहीत, गुण मिळत नाहीत.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ज्याच्याकडे अभ्यासाला रात्रीचा अर्धाच तास आहे, त्याला तर ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी.

[दृश्य: रिकामी खुर्ची.]

आज एक जण आलेला नाही. त्याची पाळी बदलली. मॅडम त्याच रात्री फोन करतात. "काय झालं?" एवढंच विचारतात, आणि बुडालेल्या तासाचं काम कधी करून घ्यायचं ते ठरवतात. दोन तास बुडाले की माणूस तिसऱ्या तासाला लाजेने येत नाही. गळती बरेचदा इथून सुरू होते.

पण इथे एक फरक जपावा लागतो: सोय आणि सवलत यांतला. वेळेची सोय हवी तितकी करावी. आकडा वाचण्यात सवलत नाही, कारण त्या आकड्यावर कुणाचं औषध ठरणार आहे. दया म्हणून मापदंड खाली आणणारा शिक्षक विद्यार्थ्याला कमी लेखतो, आणि विद्यार्थ्याला ते कळतं.

म्हणूनच "छान!" हा शेरा इथे फारसा कामाचा नाही. मॅडम म्हणतात, "हवा घाईत सोडलीत. काटा सेकंदाला दोन मिलिमीटर उतरू द्या. पहिला ठोका, म्हणजे वरचा आकडा, त्यामुळे निसटला." पुढच्या वेळी काय करायचं ते आता हातात आहे. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः केलेल्या कामातून येतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. इथे ते काट्याच्या गतीत दिसतं.

[दृश्य: पाचवा आठवडा. मॅडम खुर्चीत. मोजणारी तीच, फोन उलटा ठेवणारी.]

पट्टा दंडावर बसतो. कानात स्टेथोस्कोप. हवा हळूहळू सुटते. वर्ग शांत. ती काट्याकडे बघते, थांबते. अंदाजाने आकडा सांगता आला असता.

"मॅडम, पहिला ठोका नीट ऐकू नाही आला. परत घेऊ?"

मॅडम बाही सावरत म्हणतात, "दोन मिनिटं हात मोकळा राहू द्या. मग घ्या."