मायक्रोवेव्ह संकेत साठवून ठेवताना

मित्रहो, रडारचा स्पंद जसाच्या तसा काही मायक्रोसेकंद धरून ठेवायचा आणि मग परत सोडायचा, ही गरज रडारच्या चाचणीत पडते, तशीच शत्रूच्या रडारची दिशाभूल करतानाही पडते. इथे खरा कस लागतो तो फेज, म्हणजे तरंग त्या क्षणी आपल्या आवर्तनात नेमका कुठे आहे ते, सांभाळण्यात, कारण आजचे रडार परत आलेला संकेत आपल्या मूळ स्पंदाशी ताडून पाहते.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे संकेताला लांबच्या वाटेने पाठवणे. पण कोॲक्शियल केबलमधून एक मायक्रोसेकंदाचा विलंब हवा असेल तर सुमारे २०० मीटर केबल लागते, आणि १० गिगाहर्ट्झला बारीक केबलमध्ये दर मीटरला एक डेसिबलहून (संकेताची घट मोजण्याचे एकक) अधिक घट होत असल्याने शेवटी हाती काहीच उरत नाही. आखूड केबल आणि ॲम्प्लिफायर जोडून संकेत गोल फिरवता येतो. मात्र प्रत्येक फेरीत गोंगाट वाढत जातो.

ध्वनीचा मार्ग मला अधिक सुंदर वाटतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कास्टिंगच्या पोटातली भेग शोधणारे अल्ट्रासोनिक यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी हाताळले असेल. त्याच्या प्रोबमधला पिझो स्फटिक विजेचा ध्वनी करतो, तेच काम लिथियम नायोबेटच्या चकतीवर होते. तिच्या पृष्ठभागावरून ध्वनी सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने जातो, म्हणून एका सेंटिमीटरमध्ये जवळजवळ तीन मायक्रोसेकंद मिळतात. अडचण अशी की एक गिगाहर्ट्झलाच तरंगलांबी साडेतीन मायक्रॉन होते आणि चकतीवरच्या धातूच्या पट्ट्या एक मायक्रॉनहून अरुंद कोराव्या लागतात; त्यामुळे १० गिगाहर्ट्झचा संकेत आधी खालच्या वारंवारितेवर आणावा लागतो.

संकेत प्रकाशावर चढवून ऑप्टिकल फायबरमधून पाठवला, तर ही अडचण येत नाही. बेळगावपासून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत पुरेल इतका, म्हणजे १० किलोमीटर फायबर रिळावर गुंडाळला, तर सुमारे ४९ मायक्रोसेकंद मिळतात, आणि १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची त्यात घट होते जेमतेम दोन डेसिबल. एवढ्या विलंबामुळे रडारला समोर सुमारे ७.३ किलोमीटरवर लक्ष्य दिसते. तरीही विलंब ठरतो तो रिळाच्या लांबीनेच. संकेत वाटेत थांबवता येत नाही.

थांबवण्याचे काम डिजिटल स्मृती करते. ऑसिलेटरच्या, म्हणजे ठरावीक वारंवारितेचा तरंग निर्माण करणाऱ्या मंडलाच्या, मदतीने संकेत खालच्या वारंवारितेवर आणायचा, त्याचे नमुने घेऊन आकडे साठवायचे आणि त्याच ऑसिलेटरने पुन्हा वर चढवायचे. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वारंवारिता-पट्ट्यासाठी सेकंदाला किमान एक अब्ज नमुने लागतात. प्रत्येक नमुन्यासाठी एकाच बिटवर भागवले तर चौकोनी तरंग तयार होतो आणि मूळ तरंगाच्या एक-तृतीयांश उंचीचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारितेचा नको असलेला तरंग, उमटतो. आठ बिट घेतले तर आदर्श स्थितीत गोंगाट संकेताच्या सुमारे ५० डेसिबल खाली राहतो.

साठवलेले आकडे कितीही वेळ तसेच राहतात, पण ऑसिलेटर तसाच राहील असे नाही. साठवण आणि पुनःप्रक्षेपण यांच्या दरम्यान तो अवघा १०० हर्ट्झ सरकला, तर वारंवारितेतल्या फरकावरून वेग मोजणाऱ्या १० गिगाहर्ट्झच्या रडारला स्थिर लक्ष्य सेकंदाला दीड मीटर वेगाने हलताना दिसते.